दवाखान्याच्या गेटवरची भाकरी

आमच्या सोसायटीत काही अडलं की लोक आधी माझ्या दाराची बेल वाजवतात आणि मग सेक्रेटरीला फोन करतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे जास्तच झालंय. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू? चार फोन करावेत, दोन ठिकाणी आवाज चढवावा, एका ठिकाणी गोड बोलावं, की बहुतेक कामं होतात, असा माझा आजवरचा अनुभव. त्यामुळे महापालिकेच्या कंत्राटी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी हातपाय गाळले नाहीत. उलट जरा हुशारीच आली.

संप मोठा होता. झाडूवाले, कचऱ्याच्या गाडीवरचे, पाणी सोडणारे, दवाखान्यातले वॉर्डबॉय, नर्स, तंत्रज्ञ, सगळे एकदम बाहेर पडले. मागणी एकच, आम्हाला कायम करा. वर्षानुवर्षं तेच काम करायचं आणि ठेकेदार बदलला की नव्या माणसापुढे नव्यानं हात जोडायचे, याला ती माणसं विटली होती. बघता बघता कोपरखैरण्याची रया गेली. सेक्टरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा साठला, पाणी कधी यायचं तर कधी नाही, आणि महापालिकेच्या दवाखान्याला कुलूप लागलं. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. अर्धे संपकऱ्यांना शिव्या घालत होते आणि अर्धे सरकारला. खाली उतरून कचऱ्याला हात लावायला मात्र दोन्हीकडून कुणी तयार नव्हतं.

मग मी चार बायका आणि दोन निवृत्त गृहस्थ हाताशी धरले. बागेच्या मागे खड्डा खणून ओला कचरा पुरायला लागलो. टँकर मागवले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दवाखान्यातून मिळायच्या, त्या बाहेरून आणून पोचवल्या. आणि दुसऱ्या बाजूनं, दवाखान्याच्या गेटवर ताडपत्री बांधून बसलेल्या संपकऱ्यांना रोज जेवण पाठवायचं ठरवलं. या दुसऱ्या कामाला ग्रुपवर बराच विरोध झाला. आपणच खाऊ घातलं तर ते उठतील कशाला, असं एका शहाण्यानं लिहिलं. त्याला मी जे उत्तर दिलं त्यानंतर तो दोन दिवस ग्रुपवर दिसला नाही.

पण मी काही नुसत्या दयेपोटी जेवण पाठवत नव्हते. त्यात माझा डाव होता, आणि तो काकांसाठी होता.

काका म्हणजे आमचे जुने घरमालक. लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आले तेव्हा सोसायट्या कुठे परवडायला? सेक्टरच्या मागे जे मूळ गाव आहे, तिथे काका-काकीच्या घरी एक खोली भाड्यानं घेतली. काकांची खाडीकाठची भातशेती शहर वसवताना गेली होती आणि तिच्या बदल्यात, बऱ्याच भांडणानंतर, पाणीखात्यात नोकरी मिळाली होती. व्हॉल्व फिरवून सेक्टरांना पाणी सोडायचं काम. माझं पहिलं बाळंतपण काकीनं केलं. आम्ही पुढे फ्लॅट घेतला तरी दर रविवारी त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. त्यांची एकुलती मुलगी उरणला दिलेली, तिचा प्रपंच तिकडे. तेव्हा रोजच्या अडीअडचणीला मीच होते.

काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीन वेळा त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागायचं. चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, अंगातलं साठलेलं पाणी आणि घाण यंत्रानं काढायची, मग दोन दिवस माणूस माणसासारखा हिंडतो. एक खेप चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या की छातीत पाणी चढतं आणि आडवं झोपता येत नाही. एवढं मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. आता तो विभागच बंद होता आणि तो चालवणारा तंत्रज्ञ गेटवरच्या ताडपत्रीखाली बसला होता.

माझा डाव असा. आमच्याकडे, साताऱ्याकडे, ज्याच्या घरचं जेवला त्याचा शब्द माणूस खाली पडू देत नाही. तंत्रज्ञ पोरगा आमच्याच भागातला. त्याला आधी चार दिवस काकीच्या हातचं खाऊ घालायचं आणि मग म्हणायचं, बाबा, संप कर, पण काकांपुरतं तेवढं यंत्र सुरू कर. मला हे अगदी सोपं वाटत होतं.

काकीला मी फक्त एवढंच सांगितलं की गेटवर जेवण पाठवायचंय, भाकऱ्या कराल का. डाव सांगितला नाही. ती लगेच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर घरामागच्या चुलीशी बसून तिनं तांदळाच्या भाकऱ्यांची चवड लावली होती, पांढऱ्याशुभ्र, पातळ, आणि सोबत सुकटीचं कालवण. घरात गॅस असून इतक्या भाकऱ्यांना चूलच लागते म्हणाली. काका शेजारी खुर्चीत बसून, भाकरी मोजू नको, जास्तीच टाक, असं तिला सांगत होते. त्यांचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते.

रोज मी रिक्षानं ते जेवण गेटवर न्यायची. माणसं जेवायची. तंत्रज्ञ पोरगा मात्र डब्याला हात लावायच्या आधी विचारायचा, काका कसं हायत? पाणी किती पित्यात? मग खाली बघून जेवायचा. मला वाटायचं, आता झालंच काम.

एक दिवस मी काकीला म्हटलं, आता वेळ झाली, आज मी त्याला विचारते. तिला समजेना कशाबद्दल. मी सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"नाय," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात आपली भाकर हाय. आता नाय इचारायचा."

मी म्हटलं, म्हणूनच तर विचारायचं.

"मंग ती भाकर नाय ना रायली. तो इकत घेतल्यासारखा झाला."

मग तिनं जे सांगितलं ते मी इतकी वर्षं त्या घरात येऊन-जाऊन कधी ऐकलं नव्हतं. जमिनी गेल्या तेव्हा हा सगळा गाव खाडीच्या रस्त्यावर बसला होता. बायका, पोरं, गुरंसुद्धा. शेजारच्या कोळ्यांच्या गावाची मासळी त्याच रस्त्यानं बाजारात जायची. रस्ता बंद म्हणून ती टोपल्यांत नासत होती. तरी त्या गावातून रोज भाकऱ्या यायच्या आणि घेऊन येणाऱ्या एकाही बाईनं कधी विचारलं नाही की तुम्ही उठणार कधी. तेव्हापासून ह्यांच्या गावात रीतच पडली. बसलेल्या माणसाला भाकरी द्यायची आणि दिली की तोंड बंद ठेवायचं. नसेल पटत तर भाकरी देऊ नये. काका खुर्चीतून मान हलवत होते. ते म्हणाले, मी पण असाच बसून कायम झालो, मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

म्हणजे मी ज्या दारानं आत शिरणार होते ते दार माझ्याच हातानं लावून बसले होते. भाकरी दिली नसती तर काकी स्वतः गेटवर जाऊन त्या पोराच्या पाया पडली असती. आता पडणार नव्हती आणि मलाही जाऊ देणार नव्हती. मला इतका राग आला की काय सांगू. तुमची रीत घाला चुलीत, माणूस जातोय इथं, असं मी म्हणाले. ती उठली, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. तिच्यापुढे आवाज चढवून उपयोग नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं.

विचारायची वेळ शेवटी आलीच नाही, कारण पोरगा आपणहून आला. संध्याकाळी काकांच्या घरी येऊन दारातच बसला. आत ये म्हटलं तरी येईना. त्यानं सांगितलं, एकट्यानं आत जाऊन काही होत नाही. डायलिसिसला लागणारं पाणी वेगळं, ते शुद्ध करणारं यंत्र चालवणारा माणूस वेगळा, नर्स वेगळी, आणि डॉक्टर असल्याशिवाय कुणाला सुई लावायची नाही. तरी त्यानं संपाच्या कमिटीत विषय काढला होता. डायलिसिस तेवढं संपातून वगळा म्हणाला. बरीच वादावादी होऊन कमिटी तयारही झाली. पण महापालिकेच्या वरच्यांकडून निरोप आला की यायचं तर सगळ्यांनी कामावर या, निवडक माणसं आम्हाला चालणार नाहीत, एकदा वेगळी सोय मान्य केली की उद्या प्रत्येक विभाग तेच मागेल.

"मी काय करू सांगा काकू," तो म्हणाला. "तुमी एकदा तरी मला शिव्या घाला."

काकीनं त्याला शिव्या घातल्या नाहीत. जेवून जा म्हणाली. तो जेवला नाही, तसाच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या कार्यालयात अधिकाऱ्याला भेटायला गेले. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. पण तो माणूस इतका सभ्य निघाला की माझी पंचाईत झाली. त्यानं चहा मागवला. चहा आणायलाही कुणी नव्हतं म्हणून स्वतः उठून खालच्या टपरीवरून घेऊन आला. त्याची स्वतःची आई डायलिसिसवर होती, गावाकडे. म्हणाला, मॅडम, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझ्या सहीनं हे होत असतं तर मी आत्ता केली असती. त्यानं माझ्यासमोर वरती दोन फोन केले. दोन्हीकडून बघतो असं उत्तर आलं. ज्याच्यावर ओरडावं असा एक माणूस मला त्या सगळ्या प्रकरणात सापडला नाही. निदान एखादा नालायक तरी भेटायला हवा होता.

मग आमची वणवण सुरू झाली. पैसे उभे राहिले असते, ग्रुपवर पन्नास हात वर आले होते, पण यंत्रच रिकामं नव्हतं. महापालिकेचे सगळे पेशंट एकदम बाहेर पडून त्याच चार-दोन ठिकाणी धावत होते. वाशीत नाव लिहून घेतलं आणि फोन आला नाही. सीवूड्सला एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये एक खेप मिळाली. तिथल्या मुलीनं निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, आंटी, पुढच्या वेळचं प्रॉमिस नाही करत, आमचे रेग्युलर पेशंट वेटिंगला आहेत. शेवटी कळंबोलीला एका छोट्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मिळाला. तीनच्या जागी एक.

कळंबोलीला जायचं म्हणजे लोखंड लादलेल्या ट्रेलरांच्या रांगेत रिक्षा घालायची. प्रत्येक खड्ड्याला काका दातावर दात दाबायचे. मध्ये काकी, एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला काका, त्यांच्या तोंडात बर्फाचा खडा. पाणी प्यायची बंदी, म्हणून बर्फ चोखायचे. एकदा ट्रेलर अडकून आम्ही तासभर तिथेच उभे होतो. मी घड्याळाकडे बघत कुढत होते, कारण वेळ चुकली की नंबर गेला. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सगल्या सेक्टरला मी पानी सोडला. आता माज्या आंगातला पानी सोडाया कोन नाय बग." आणि हसले. हसताना त्यांना धाप लागली. रिक्षावाला पण हसला, त्याला वाटलं काहीतरी गंमत चाललीय. मी बाहेर बघत बसले.

गेटवर भाकऱ्या जातच होत्या. एकदा मी काकीला म्हटलं, आता बास करा, तुम्ही रात्रभर त्यांच्या उशाशी बसता, सकाळी परत हे कशाला? ती म्हणाली, त्या झाडूवालीची पोरं लहान आहेत. मी म्हटलं, तुमचा नवरा मोठा आहे म्हणून त्याचं काही नाही का? बोलले आणि वाटलं, जीभ हासडून टाकावी. तिच्या बोटांना चुलीचे चटके बसून काळे डाग पडले होते. ती एकटी असताना रडायची हे मला काकांनी सांगितलं होतं.

नंतर संपकऱ्यांनी गेटवरची ताडपत्री सोडली आणि सगळे बेलापूरला मुख्यालयासमोर जाऊन बसले. बोलणी शेवटाला आलीत असं टीव्हीवर सांगत होते. आज मिटेल, उद्या मिटेल. मी दर तासाला फोनवर बातम्या बघायची. त्याच आठवड्यात कळंबोलीचा नंबर पुढे ढकलला गेला, त्यांचं एक यंत्र बिघडलं होतं. काकांचे पाय मांडीपर्यंत सुजले. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून पुढ्यात उशा रचून, त्यावर डोकं टेकवून बसून राहायचे. आम्ही त्यांना एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. तातडीच्या विभागात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, थोडं बरं वाटलं. डायलिसिसची खाट उद्या दुपारी रिकामी होईल म्हणाले. मी तिथे माझ्या आयुष्यात कधी घातला नाही इतका गोंधळ घातला. ड्युटीवरचा डॉक्टर रडकुंडीला आला, पण म्हणून खाट रिकामी होणार होती का? काकांनीच खूण केली, घरी चला.

पहाटे ते बसल्या बसल्याच गेले. डायलिसिसच्या माणसाच्या हातात धमनीला शीर जोडलेली असते. त्या जागी बोट ठेवलं की आत सारखी गुरगुर लागते. काकी रोज रात्री तिथे हात ठेवून बसायची. ती म्हणाली, गुरगुर थांबली तेव्हा मला कळलं.

दुपारी खाडीकाठच्या स्मशानात सगळं उरकलं. उरणहून लेक-जावई आले होते. गाव लोटला होता. परत येऊन बायका ओटीवर बसल्या होत्या. तेवढ्यात दूर कुठेतरी फटाके वाजले. शेजारच्या एका सुनेनं फोन बघितला आणि हळूच म्हणाली, मिटला संप. मागणी मान्य झाली होती. मला आनंद झाला नाही आणि रागही आला नाही. मी नुसती काकीच्या पाठीवर हात ठेवून बसले.

थोड्या वेळानं काकीचा फोन वाजला. लेक घेत होती, पण काकीनं तो तिच्या हातून काढून घेतला. मी शेजारी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मागे ढोल, घोषणा, आणि त्यावरून ओरडून बोलणारा तो तंत्रज्ञ पोरगा. बेलापूरला असलेल्याला इकडचं काय कळणार? तो सांगत होता, काकू, आमी कायम झालो. आत्ताच मी परत निघालोय, रात्रीत सगळं धुऊन तयार करतो, उद्या सकाळी पहिला नंबर काकांचाच, कुणाला बसू देत नाही. घेऊन येताय ना?

मी हात पुढे केला, फोन द्या, मी सांगते. काकीनं दिला नाही.

"हां पोरा," ती म्हणाली. "येतो आमी." आणि फोन ठेवला.

लेक तिच्याकडे बघतच राहिली. मीही. काकी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आजचा दिस त्याचा हाय. आज नको. उंद्या सांगू."

उद्या सांगणार कोण, हे तिनं सांगितलं नाही. ती तर घराबाहेर पडू शकत नव्हती. त्या रात्री मी पाच-सहा वेळा त्याचा नंबर काढला आणि लावला नाही. फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही.

सकाळी मी दवाखान्यात गेले. गेटवर झेंडूची माळ होती आणि झाडूवाल्या बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. माझ्याही तोंडात एकीनं पेढा कोंबला. वर डायलिसिसचा विभाग उघडा होता, फरशी अजून ओली होती. दारापासच्या खाटेवर नवी चादर घातलेली. यंत्र सुरू होतं. सुई लावल्यावर चिकटवायच्या पट्ट्या कापून टेबलाच्या कडेला ओळीनं लावून ठेवल्या होत्या. पोराच्या कानामागे गुलाल तसाच होता. मला बघून तो हसला आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"काका खाली रिक्षातच हायत ना? थांबा, मीच आणतो," तो म्हणाला आणि कोपऱ्यातली व्हीलचेअर ओढत माझ्या बाजूनं बाहेर निघालासुद्धा.

मी लिफ्टपाशी त्याला गाठलं. त्याचा दंड धरला आणि सांगितलं, काल पहाटे.

तो व्हीलचेअरची मूठ धरून उभा राहिला. लिफ्ट आली, उघडली आणि पुन्हा बंद झाली. मग त्यानं विचारलं, "काल फोनवर काकूच होत्या ना?"

मी हो म्हटलं.